एआचे आयुध

२००४ साली जपानमध्ये टाइप-मून या संस्थेने ‘फेट/स्टे नाइट’ हा संगणकीय कथाखेळ प्रसिद्ध केला. त्यातील गिल्गमेश राजाजवळ ‘एआ’ नावाचे खड्ग आहे. त्याला पाते नाही. एकमेकांवर फिरणारे तीन दंडगोल आहेत. नावाच्या उच्चारासरशी होणाऱ्या त्याच्या आघातास ‘एनूमा एलिश’ म्हणतात.

‘एनूमा एलिश’ हे वस्तुतः सात मृत्पट्टिकांवरील बाबिलोनी सृष्टिकाव्य होय. त्यात प्रज्ञेचा देव एआ अप्सूला मंत्राने निद्रिस्त करून ठार मारतो. खड्गाचा तेथे संबंध नाही. तिआमातला दुभंगून तिच्या अर्ध्या देहाचे आकाश करणारा देव मार्दुक. गिल्गमेश तर या काव्यात येतच नाही.

मग हा केवळ नावांचा संकर मानावा काय? तसे म्हणता येत नाही. हित्ती भाषेतील उल्लिकुम्मीच्या गीतात, आकाश आणि पृथ्वी ज्याने विलग झाली ते पुरातन हत्यार एआच बाहेर काढावयास लावतो. खेळातील खड्गाचे सामर्थ्यही आकाश-पृथ्वी विलग करण्याचेच आहे. तेव्हा कथानक सुटले, तरी विभाजनाची आद्य कल्पना टिकली. हरवला तो तिचा हेतू. काव्यात विभाजनातून जग सिद्ध होते. खेळात तेच विभाजन संहाराचे साधन होते. पुराणकथेच्या रूपांतराची परीक्षा करताना नावांच्या अचूकतेपेक्षा या अर्थांतराकडेच समीक्षकाने अधिक लक्ष द्यावयास हवे.