संकेतस्थळावर मालाचे वर्णन कसे लिहावे?

वाटूर फाट्यावर जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या मार्गास परतूरचा रस्ता येऊन मिळतो. हंगामात ह्या फाट्यावरून मोसंबीच्या गाड्या जाताना आमच्या वाचकांनी अनेकवार पाहिल्या असतील. बाजारात व्यापारी फळ हातात घेतो, नखाने साल खरवडतो, एखादे कापून रस चाखतो आणि मग भाव बोलतो. परंतु जो शेतकरी आपला माल संकेतस्थळावरून पुण्यामुंबईच्या गिऱ्हाइकास विकू पाहतो, त्याच्या गिऱ्हाइकास ना फळ हाताळता येत, ना चाखता येत. त्याच्यापुढे असतात ते दोन फोटो आणि चार ओळी. हात, नाक व जीभ ह्यांचे काम त्या चार ओळींनीच करावयाचे असते. ही गोष्ट ध्यानात न आल्यामुळे पुष्कळ ठिकाणी पैसा खर्चून केलेली संकेतस्थळे ओस पडलेली दिसतात, आणि माल पुन्हा त्याच अडत्याच्या काट्यावर, त्याच्याच भावाने जातो. सबब ह्या लेखनाविषयी चार उपयुक्त गोष्टी आम्ही येथे देत आहो.

लेखनाने माल विकणे ही महाराष्ट्रास नवी गोष्ट नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपण्यास बराच काळ लागला. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक काढले, त्याच्या मुळाशी कारखान्याचा माल व त्याचा उपयोग लोकांस कळावा हाच हेतू होता. अमेरिकेत जॉन डियर ह्या नांगर करणाऱ्या कंपनीने १८९५ सालीच शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’ नावाचे नियतकालिक सुरू केले होते. आधी गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडेल असे लिहावे, म्हणजे विश्वास बसतो, व विश्वासामागून विक्री येते, हे तत्त्व तेव्हा जसे खरे होते तसेच आजही आहे. साधन मात्र बदलले.

आता हे साधन कसे चालते ते पाहू. गिऱ्हाईक मोबाईलवर काही शब्द लिहितो वा बोलतो आणि गूगलसारखे शोधयंत्र त्यास पानांची यादी दाखविते. हे यंत्र तीन कामे करते. पहिले, त्याचा संगणकी हरकाऱ्या एका पानावरून दुव्यादुव्याने दुसऱ्या पानावर जाऊन मजकूर वाचीत असतो. दुसरे, वाचलेल्या मजकुराची तो सूची करून ठेवतो, जशी ग्रंथाच्या अखेरीस शब्दसूची असते तशी. तिसरे, कोणी विचारणा केली की त्या सूचीतून विचारणेस अधिकात अधिक जुळणारी व भरवशाची पाने निवडून तो क्रमाने मांडतो. ह्यावरून उघड होईल की जे पान यंत्रास वाचताच येत नाही, ते यादीत येण्याचा संभव फार थोडा.

येथे मराठी पानांची एक मोठी अडचण सांगणे अवश्य आहे. छापखान्यांत बरीच वर्षे श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या टंकांत अक्षरजुळणी होत आली. त्या टंकांतील मजकूर डोळ्यास देवनागरी दिसला, तरी संगणकाच्या पोटात तो रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ असतो. यंत्रास तो ‘मोसंबी’ असा वाचता येत नाही. म्हणून सर्व मजकूर युनिकोड पद्धतीने लिहिलेला असावा. मोबाईलवर आपण जे मराठी लिहितो ते युनिकोडच होय. दुसरी चूक अशी की, छापलेल्या जाहिरातीचे चित्रच पानावर चिकटविले जाते व भाव, वजन, ठिकाण सारे त्या चित्रात राहते. चित्रातील अक्षरांवर यंत्राने विसंबावे अशी अपेक्षा करू नये. तो मजकूर चित्राखाली अक्षरांत लिहावा, आणि प्रत्येक चित्रास त्यात काय आहे हे सांगणारी एक ओळ जोडावी.

तिसरा मुद्दा नावांचा. आपण ज्यास मोसंबी म्हणतो, त्यास हिंदी भाषक मौसमी म्हणतात आणि शहरांतील इंग्रजी पाट्यांवर बहुधा ‘स्वीट लाइम’ असे लिहिलेले असते. वस्तुतः मोसंबी ही गोड संत्र्याच्या जातीची, लिंबाची नव्हे. आणि जालन्याच्या मोसंबीस २०१६ साली जे भौगोलिक मानांकन मिळाले ते ‘जालना स्वीट ऑरेंज’ ह्या नावाने. गिऱ्हाईक ह्यांपैकी कोणते नाव लिहील हे आपल्या हाती नाही. म्हणून ही सर्व नावे पानावर एकेकदा, सरळ वाक्यात यावीत. मात्र एकच शब्द वीस वेळा घुसडून यंत्रास फसविण्याची युक्ती करू नये. असा मजकूर यंत्र ओळखते व त्यास मागे टाकते, आणि माणसासही तो वाचवत नाही. मानांकनाचे चिन्हही नोंदणीकृत वापरकर्ता झाल्यावाचून लावता येत नाही, हे येथेच सांगून ठेवतो.

गिऱ्हाईक पानावर आल्यानंतरची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. समजा, महिन्यास २०० माणसे पान उघडतात व त्यांपैकी ४ जण माल घेतात. विक्री दुप्पट करण्यास येणारी माणसे ४०० करावी लागतील. परंतु त्याच २०० जणांपैकी ८ जणांची खात्री पटेल असे लिहिले, तरी फळ तेच. पहिल्या मार्गास बहुधा जाहिरातीचा पैसा लागतो, दुसऱ्यास एका सायंकाळचा विचार लागतो.

हा विचार कसा करावा ते उदाहरणाने दाखवितो. पुष्कळ पानांवर असे वाक्य आढळते : ‘आमच्याकडे उत्तम दर्जाची, ताजी, आरोग्यदायी मोसंबी माफक दरात मिळेल.’ ह्यात खोटे काही नाही. पण हेच वाक्य कोणत्याही फळास, कोणत्याही गावास लावता येते. म्हणून ते काहीच सांगत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘ही आंबे बहाराची मोसंबी वाटूर येथील आमच्या बागेतील आहे. मागणी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तोडणी होते. पेटीत ५ किलो फळ असते, सुमारे २५ ते ३० नग. ह्या बहाराच्या फळाची साल पिकल्यावरही हिरवट राहते. ती कच्ची समजू नये. तोडल्यावर मोसंबीची गोडी वाढत नाही, म्हणून आम्ही पक्व फळच तोडतो. वाटेत फळ खराब झाल्यास पोचल्या दिवशी फोटो पाठवावा. तेवढ्या फळाचे पैसे परत मिळतील.’ अर्थात ह्यातले प्रत्येक वचन आपण पाळू शकत असू तरच लिहावे.

दोहोंतील भेद पाहावा. दुसऱ्या मजकुरात विशेषण जवळजवळ नाही. आहे ती माहिती. साल हिरवट का, ही शंका शहरातील प्रत्येक गिऱ्हाइकास येणार. साल पिवळी होण्यास थंड रात्री लागतात व आंबे बहाराचे फळ थंडीपूर्वीच पक्व होऊ लागते, हे शेतकऱ्यास ठाऊक असते, गिऱ्हाइकास नसते. ती शंका आधीच फेडली नाही, तर चांगल्या फळाचीही तक्रार येते. तूरडाळीसही हाच न्याय लावावा. बदनापूरच्या संशोधन केंद्राचे बी.डी.एन. ७११ हे पांढऱ्या दाण्याचे वाण असेल तर तसे लिहावे. डाळीस पॉलिश केले नसेल, तर ती चकाकणार नाही हे सांगून त्याचे कारणही सांगावे. गिऱ्हाईक फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, ते एका वहीत टिपून ठेवावेत. त्या वहीतील प्रश्न व त्यांची उत्तरे हाच संकेतस्थळाचा उत्तम मजकूर होय.

सत्याची मर्यादा मात्र कधीही ओलांडू नये. ‘मधुमेह बरा होतो’ असले वाक्य लिहून गिऱ्हाईक ओढण्याचा मोह अनेकांस होतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ ह्याच्या ५३ व्या कलमान्वये अन्नाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो; ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ह्यानेही अशा जाहिरातीस आळा घातला आहे. ‘सेंद्रिय’ हा शब्दही प्रमाणपत्र हाती असेल तरच पानावर घालावा हे श्रेयस्कर. पॅकबंद मालाचे निव्वळ वजन, कमाल किंमत आणि भरणाऱ्याचे नाव-पत्ता ह्या गोष्टी वेष्टनावर जशा लागतात तशाच त्या संकेतस्थळावरही द्याव्या लागतात. ही केवळ कायद्याची सक्ती समजू नये. ज्याने माल पाहिलेला नाही, त्यास पत्ता व वजन ह्यांइतका धीर दुसरे काही देत नाही.

शेवटी हिशेबाविषयी. पेरणी केल्यावर आपण उगवण पाहतो, त्याप्रमाणे लिहिल्यावर त्याचे फळ पाहावे. गूगलचे ‘सर्च कन्सोल’ हे साधन विनामूल्य असून कोणते शब्द शोधणाऱ्यांस आपले पान दिसले व त्यांपैकी कितींनी ते उघडले, हे त्यात कळते. पान दिसते पण उघडले जात नसेल, तर त्याचा मथळा सुधारावा : ‘मुख्यपृष्ठ’ ह्या मथळ्यापेक्षा ‘वाटूरची मोसंबी, ५ किलो पेटी, थेट बागेतून’ हा मथळा केव्हाही बरा. उघडले जाते पण मागणी येत नसेल, तर दोष वर्णनात, भावात किंवा पोचविण्याच्या खर्चात शोधावा. एका वेळी एकच बदल करून काही आठवडे वाट पाहावी. कारण नवे लेखन यंत्राच्या सूचीत रुजण्यास वेळ लागतो. हंगाम संपताच ‘माल संपला, पुढील तोडणी अमुक महिन्यात’ असे लिहावे; गतवर्षाचा भाव पानावर तसाच राहिला, तर वाचणारा पुढच्या ओळीवरही विश्वास ठेवीत नाही.

एवढे केल्याने अडत्याची गरज उद्याच नाहीशी होईल असे आम्ही म्हणत नाही. बागेतील बहुतेक माल अद्याप बाजारातच जाईल. परंतु शंभरांतील दहा पेट्या जरी आपण सांगितलेल्या भावाने गेल्या, तरी उरलेल्या नव्वदांचा सौदा करताना आपल्या मालाची शहरात काय किंमत आहे हे आपणांस ठाऊक असते, आणि ज्यास किंमत ठाऊक असते तो वाटेल त्या भावास मान डोलवीत नाही. तरी आमच्या वाचकांनी ह्या बहारापूर्वी एक सायंकाळ काढून, आपल्या एकाच मालाचे एकच पान, जसे आपण पाहुण्यास बाग दाखविताना बोलतो तसे, लिहून पाहावे अशी आमची त्यांस विनंती आहे.