इंधन नळ्यांचा ऱ्हास, जुन्या स्पोर्ट्स मोटारगाड्यांतील

मोटारगाडीच्या टाकीतील पेट्रोल पंप व गाळणी यांमधून कार्ब्युरेटरपर्यंत किंवा अंतःक्षेपकांपर्यंत नेणाऱ्या मार्गातील लवचिक नळ्यांना इंधन नळ्या म्हणतात. एंजिन रबरी आधारांवर बसविलेले असल्याने ते चालू असताना सांगाड्याच्या सापेक्ष हलते. हा मार्ग सर्वत्र धातूचा केल्यास कंपनांमुळे तो मोडेल, म्हणून सांध्यांच्या ठिकाणी लवचिक नळी आवश्यक असते. गाडीच्या इतर बहुतेक भागांच्या मानाने मात्र ही नळी अल्पायुषी असते. ती चिरल्यास गळणारे पेट्रोल पेटून काही मिनिटांत गाडी जळून जाऊ शकते. १९६० ते १९८० या काळात बनलेल्या व आज हौसेने जतन केलेल्या स्पोर्ट्स मोटारगाड्यांत हा धोका विशेष आढळतो.

रचना व द्रव्ये : नळीचे सामान्यतः तीन थर असतात. आतील अस्तर पेट्रोलला रोखते, मधला धाग्यांचा विणलेला थर दाब सहन करतो आणि बाहेरील आवरण उष्णता, ओझोन व घर्षण यांपासून संरक्षण करते. नैसर्गिक रबर पेट्रोलमध्ये फुगत असल्यामुळे अस्तरासाठी निरुपयोगी ठरते. त्याऐवजी १९३० नंतरच्या दशकात जर्मनीत पुढे आलेले नायट्राइल रबर वापरण्यात येऊ लागले. फ्ल्युओरिनयुक्त रबर १९५७ मध्ये ड्यू पाँट कंपनीने व्हायटॉन या नावाने बाजारात आणले. ते अधिक टिकाऊ असले, तरी महाग असल्याने त्या काळच्या गाड्यांत नायट्राइल नळ्याच प्रचारात होत्या. अनेक जर्मन गाड्यांतील नळ्यांना बाहेरून सुती विणीचे वेष्टन असे. अशा वेष्टनाखालील रबराला पडलेल्या चिरा बाहेरून दिसत नाहीत.

ऱ्हासाची कारणे : उष्णता व हवेतील ऑक्सिजन यांच्यामुळे रबराच्या रेणुसाखळ्यांमध्ये नवे आडवे बंध निर्माण होतात व रबर कडक होते. जेथे नळी वाकलेली वा ताणलेली असते, तेथे ओझोनमुळे ताणाच्या दिशेला काटकोनात बारीक चिरा पडतात. पेट्रोल हे रबर मऊ ठेवण्यासाठी मिसळलेली तेलकट द्रव्ये हळूहळू विरघळवून नेते. नळी पेट्रोलने भरलेली असेपर्यंत ही उणीव जाणवत नाही, कारण रबर पेट्रोल शोषून फुगलेले असते. गाडी दीर्घकाळ उभी राहून नळी कोरडी पडली, की ती आकसते व भेगाळते. यामुळे रोज धावणाऱ्या जुन्या गाडीपेक्षा वर्षातून एकदोनदा बाहेर काढली जाणारी झळझळीत गाडी अधिक धोक्याची ठरू शकते. क्लॅम्पखाली दबलेले रबर कायमचे चपटे होऊन सांधाही सैल पडतो. अस्तराचे सुटलेले कण कार्ब्युरेटरच्या सुई-झडपेत अडकल्यास ती नीट बंद होत नाही आणि पेट्रोल वाहून बाहेर येते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे ही समस्या वाढली आहे. इथेनॉलामुळे जुन्या प्रकारची रबरे फुगतात व मऊ पडतात, तसेच ते पाणी शोषून घेत असल्याने धातूचे भागही गंजतात. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून १० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल सर्वसाधारण म्हणून विकले जाऊ लागले. भारतात २० टक्के मिश्रणाची विक्री २०२३ मध्ये सुरू झाली.

दाबाचा परिणाम : यांत्रिक पंप कार्ब्युरेटरला सु. ०·२ ते ०·४ किग्रॅ./चौ.सेंमी. इतक्या अल्प दाबाने पेट्रोल पुरवितो. अशा नळीला चीर पडल्यास पेट्रोल थेंबाथेंबाने ठिबकते. बॉश कंपनीच्या डी-जेट्रॉनिक या १९६७ मधील इलेक्ट्रॉनीय अंतःक्षेपण प्रणालीत हा दाब सु. २ व १९७३ मधील के-जेट्रॉनिक प्रणालीत सु. ५ किग्रॅ./चौ.सेंमी. असतो. येथे चिरेतून बारीक फवारा उडतो आणि एंजिन चालू असेपर्यंत विद्युत् पंप तो चालू ठेवतो.

पेट्रोलचा प्रज्वलनबिंदू सु. −४०° से. असल्याने कोणत्याही ऋतूत त्याचे ज्वलनक्षम बाष्प तयार असते. हवेत या बाष्पाचे प्रमाण सु. १·४ ते ७·६ टक्के असताना मिश्रण पेट घेते. बाष्प हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने ते एंजिनाखालील खोलगट जागी साचते. वितरकातील वा सैल तारेतील ठिणगी अथवा तापलेली निष्कास नळी त्यास पेटविण्यास पुरेशी होते.

उदाहरणे : पोर्श ९१४ (१९६९–७६) या गाडीचे एंजिन आसनांच्या मागे असून टाकी पुढे आहे. त्यामुळे पेट्रोल मधल्या बोगद्यातील प्लॅस्टिकच्या नळ्यांमधून मागे नेलेले असते. या नळ्या कालांतराने ठिसूळ होतात. बॅटरी एंजिनाच्या कप्प्यात असल्याने तिच्यातून सांडणाऱ्या अम्लामुळे खालचा पत्रा गंजतो व जवळच्या नळ्यांनाही इजा पोहोचते. १९७५ च्या नमुन्यापासून पंप एंजिनाजवळून काढून पुढे बसविण्यात आला. लोटस एलान या इंग्लिश गाडीची काया काचतंतू व पॉलिएस्टर रेझीन यांची असून ती स्वतःच ज्वलनशील असल्याने आग झपाट्याने पसरते.

प्रतिबंध : पेट्रोलचा वास येणे ही पहिली सूचना समजून, गळती सापडेपर्यंत एंजिन सुरू करू नये. नळी वाकवून चिरा पहाव्यात. कडक, चिकट वा फुगलेली नळी बदलावी. सुती वेष्टनाच्या नळीचे वय माहीत नसेल, तर ती जीर्ण समजणेच योग्य. नळ्या पाच ते दहा वर्षांनी सरसकट बदलण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो. नव्या नळीवरील मानकाचा निर्देश पहावा. अमेरिकन एस.ए.ई. जे३० मानकातील आर७ ही नळी कमी दाबासाठी, तर आर९ ही अंतःक्षेपणासाठी असते. सामान्य स्क्रू-क्लॅम्पच्या खाचांमुळे रबर कापले जाते, म्हणून अखंड पट्टीचे क्लॅम्प वापरतात. अपघातात पंपाचा विद्युत् प्रवाह तोडणारा निरूढी स्विच बसविणेही हितावह असते.

आग लागल्यास एंजिन बंद करून प्रथम सर्वांनी गाडीबाहेर पडावे. बॉनेट पूर्ण उघडल्यास हवा मिळून ज्वाळा भडकतात, म्हणून ते किंचित उचलून फटीतून कोरड्या चूर्णाचा वा फेसाचा मारा करावा. पाण्याच्या झोताने पेटलेले पेट्रोल पसरते, म्हणून पाणी वापरू नये. आग आटोक्यात येत नसल्यास गाडी वाचविण्याचा मोह टाळून दूर जावे व अग्निशामक दलास पाचारण करावे.