हाऊसफुल्लचा हिशोब

२०१५ सालच्या एका संध्याकाळी मी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबई सिटीचा सामना पाहायला गेलो होतो. सामन्यातले आज फारसे काही आठवत नाही. आठवतात त्या वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या खुर्च्या. खाली काही हजार माणसे जीव तोडून ओरडत होती, ढोल वाजत होते, पण तो सगळा आवाज त्या अवाढव्य वाडग्यात विरून जात होता. पुढच्या वर्षी क्लबने आपला मुक्काम अंधेरीच्या क्रीडासंकुलात हलवला. तिथे जेमतेम आठ-नऊ हजारांची सोय. मी गेलो त्या दिवशी तेवढ्या माणसांनी असा काही गिल्ला केला की शेजारी बसलेल्या भाच्याचे बोलणे मला ऐकू येईना. डोकी नेरूळपेक्षा कमीच असतील, पण मैदान ‘भरले’ होते.

मी मूळचा फुटबॉलमधला नाही. एका नाट्यसंस्थेचा हिशोब मी वीसेक वर्षे सांभाळला. त्यामुळे खेळापेक्षा तिकीटबारीकडे डोळे आधी जातात. त्या संध्याकाळपासून एक प्रश्न डोक्यात राहिला : मोठे मैदान बांधले म्हणजे ते भरते का? हा प्रश्न सर्वात जास्त वेळा आणि सर्वात महागात इंग्लंडने सोडवून पाहिला आहे. म्हणून नोंदी तिथल्याच काढत गेलो.

त्यातली एक जोडी मला फार बोलकी वाटते. इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात सुमारे पन्नास किलोमीटरच्या अंतरावर दोन गावे आहेत, संडरलँड आणि डार्लिंग्टन. दोन्हीकडच्या क्लबांनी सहा वर्षांच्या फरकाने आपापले जुने मैदान सोडून कितीतरी मोठे बांधले.

संडरलँड हे जहाजबांधणीचे आणि कोळशाचे गाव. तिथल्या गोद्या १९८८मध्ये बंद झाल्या, शेवटची मोठी खाण १९९३च्या डिसेंबरात. क्लब तेव्हा रोकर पार्क या १८९८पासूनच्या मैदानावर खेळत असे. १९८९मध्ये हिल्सबरोच्या मैदानात चेंगराचेंगरी झाली, तिच्यात ९७ माणसे दगावली. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालाने वरच्या श्रेणींतल्या मैदानांवर उभे राहून सामना पाहणे बंद करायला लावले. नव्या सुरक्षा नियमांत रोकर पार्कची क्षमता घटत घटत साडेबावीस हजारांवर आली. अशा क्लबाने १९९७मध्ये त्या बंद पडलेल्या खाणीच्याच जागेवर ४२,००० खुर्च्यांचे ‘स्टेडियम ऑफ लाइट’ उभे केले. प्रवेशापाशी खाणकामगारांच्या सुरक्षादीपाचे शिल्प आहे. लोकांनी वेड्यात काढावे असेच हे धाडस होते. पण तीन वर्षांत तिथे आणखी सात हजार खुर्च्या वाढवाव्या लागल्या.

ही माणसे आली कुठून? आली नाहीत, ती होतीच. याच रोकर पार्कमध्ये १९३३ साली एका सामन्याला ७५,११८ माणसे आल्याची नोंद आहे. त्यांची नातवंडे-पतवंडे गावात होती, घरात रेडिओ लावून बसत होती; मैदानात त्यांना जागा नव्हती, आणि होती ती बसण्यासारखी नव्हती. नव्या मैदानाने प्रेक्षक निर्माण केला नाही, दडलेला होता तो दाखवून दिला. याचा खरा पुरावा पुढे मिळाला. २०१८मध्ये हा संघ घसरून तिसऱ्या श्रेणीत गेला आणि चार हंगाम तिथेच अडकला. तरी सरासरी प्रेक्षक तीस हजारांच्या वर. २०१८च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी ब्रॅडफर्डविरुद्ध ४६,०३९ माणसे आली. तिसऱ्या श्रेणीत!

आता डार्लिंग्टन. वस्ती लाखभर. क्लबचे जुने मैदान फीदम्स, शेजारी क्रिकेटचे मैदान, गर्दी काही हजारांची. १९९९मध्ये जॉर्ज रेनल्ड्स नावाचे गृहस्थ अध्यक्ष झाले. तरुणपणी तिजोऱ्या फोडण्याबद्दल तुरुंगात गेलेला आणि पुढे स्वयंपाकघरातल्या ओट्यांच्या फळ्यांच्या धंद्यात कोट्यधीश झालेला हा माणूस. त्यांनी क्लबचे कर्ज फेडले आणि चौथ्या श्रेणीतल्या या संघासाठी २५,००० खुर्च्यांचे मैदान बांधले. नावही स्वतःचेच दिले. २००३च्या ऑगस्टमध्ये पहिला सामना झाला. साडेअकरा हजारांच्या आसपास लोक आले, संघ हरला. तो आकडा क्लबला तिथे पुन्हा कधी गाठता आला नाही. नाट्यव्यवसायात आम्ही शुभारंभाच्या प्रयोगाची गर्दी हिशोबात धरत नसू. अर्धे पासवाले, अर्धे कुतूहलाने आलेले. पंचविसाव्या प्रयोगाला काय होते ते पाहायचे. इथे पंचविसाव्या प्रयोगापर्यंत पोचण्याआधीच, डिसेंबरात, क्लब दिवाळखोरीच्या कारवाईत गेला. २००९मध्ये पुन्हा, २०१२मध्ये तिसऱ्यांदा. शेवटी चाहत्यांनी क्लब नव्याने उभा केला, त्याला थेट नवव्या श्रेणीत टाकण्यात आले आणि काही वर्षे शेजारच्या गावात भाड्याने खेळून तो गावी परतला तो एका रग्बी क्लबच्या मैदानावर. ते २५ हजारांचे मैदान गावातल्या दुसऱ्या रग्बी क्लबकडे गेले.

मालकाचा हव्यास एवढ्यावर हे प्रकरण निकालात काढणे सोपे आहे. मला तसे वाटत नाही. रेनल्ड्स यांची चूक साध्या अंकगणिताची होती : फीदम्सच्या दाराबाहेर कोणी ताटकळत उभे नव्हते. आर्सेनलच्या दाराबाहेर होते. हायबरीची क्षमता ३८,४१९, आणि हंगामी तिकिटासाठी हजारोंची यादी. म्हणून २००६मध्ये ते साठ हजारांच्या एमिरेट्समध्ये गेले आणि तिकिटे खपली. अर्थात किंमतही मोजली. कर्जाच्या वर्षांत चांगले खेळाडू प्रतिस्पर्ध्यांना विकावे लागले, आणि २००५ ते २०१४ एकही मोठा करंडक घरी आला नाही.

इथे एक बारकावा आहे, आणि हिशोबनीस म्हणून मला तो सोडवत नाही. इंग्लंडमध्ये सामन्याला जाहीर होणारा प्रेक्षकांचा आकडा बहुधा विकलेल्या तिकिटांचा असतो, आत आलेल्या माणसांचा नसतो. वेंगर यांच्या शेवटच्या हंगामात, २०१७-१८मध्ये, एमिरेट्सवर लाल खुर्च्यांचे पट्टेच्या पट्टे उघडे दिसत आणि फलकावर आकडा मात्र साठ हजारांच्या घरात. आमच्याकडे तिकीटबारीवरच्या प्लॅनवर सगळ्या खुर्च्यांवर फुल्या असायच्या, आणि पडदा वर गेल्यावर चौथी रांग मोकळी. गल्ल्याला त्याने फरक पडत नाही. नटाला पडतो.

आणि गर्दी चंचलही असते. टॉटनहॅमचे नवे मैदान तयार होईपर्यंत संघ वेम्बलीवर खेळत होता. २०१८च्या फेब्रुवारीत आर्सेनलविरुद्ध तिथे ८३,२२२ प्रेक्षक आले, तेव्हाचा प्रीमियर लीगचा विक्रम. वर्ष पुरे व्हायच्या आत, जानेवारीतल्या एका थंड बुधवारी वॉटफर्डविरुद्ध त्याच मैदानात तीस हजारसुद्धा भरले नाहीत. क्लब तोच, शहर तेच. आपल्या घरातली नसलेली जागा, कामाचा दिवस, ओसरलेले अप्रूप, एवढे पुरले.

युव्हेंतुसने तर उलटाच मार्ग धरला. १९९०च्या विश्वचषकासाठी तुरिनमध्ये बांधलेले देल्ले आल्पी जवळजवळ सत्तर हजारांचे, मध्ये धावपट्टी, त्यामुळे खेळाडू मुंग्यांएवढे. २००१-०२च्या हंगामात चषकाच्या एका सामन्याला तिथे २३७ प्रेक्षक होते. क्लबने ते पाडून २०११मध्ये ४१ हजारांचे, मैदानाला बिलगलेले नवे बांधले. त्यानंतर सलग नऊ विजेतेपदे मिळाली. मैदान लहान केल्यामुळे ती मिळाली असे मी म्हणणार नाही. पण नेरूळहून अंधेरीला जाताना मुंबई सिटीनेही जवळपास हाच विचार केला असावा.

मग मोठे भरतच नाही का? भरते. डॉर्टमुंडला जा. सहा लाखांचे शहर, ८१,३६५ची क्षमता, आणि प्रत्येक सामन्याला ती जवळजवळ पूर्ण. दक्षिणेकडच्या एकाच गॅलरीत २४,४५४ माणसे उभी राहतात. उभ्या तिकिटाचा दर इंग्रज चाहत्याला हेवा वाटावा इतका कमी. शनिवार-रविवारी कित्येक जण विमानाने तिथे जातात. क्लबला या दरात तोटा दिसत नसेल असे नाही. पण जर्मनीत मतदानाचा बहुमताचा हक्क बहुतेक क्लबांत सभासदांकडे असतो आणि सभासद स्वतःच त्या गॅलरीत उभे असतात. आपल्याकडे १३ जुलै १९९७ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्याला १,३१,७८१ माणसे बसली, तीसुद्धा खुर्च्यांवर नव्हे, बाकांसारख्या पायऱ्यांवर दाटीवाटीने.

इंग्लंडमध्ये दर हाच खरा वादाचा मुद्दा झाला आहे. अॅनफील्डचा मुख्य स्टँड वाढवण्याचे काम चालू असताना २०१६मध्ये लिव्हरपूलने नव्या हंगामासाठी सर्वात महाग तिकीट ७७ पौंडांचे केले. ६ फेब्रुवारीला सामन्याच्या ७७व्या मिनिटाला हजारो चाहते उठून बाहेर गेले. लिव्हरपूल तेव्हा २-० पुढे होते. समोरचा संघ होता आपले संडरलँड. त्यांनी उरलेल्या वेळात दोन गोल करून बरोबरी साधली. चार दिवसांत मालकांनी दरवाढ मागे घेतली आणि माफी मागितली. वेस्ट हॅमने मात्र २०१६मध्ये ऑलिंपिक स्टेडियमवर जाताना स्वस्त हंगामी तिकिटे काढली. ३५ हजारांच्या अप्टन पार्कमधून साठ हजारांच्या वाडग्यात गेले तरी ते भरले. तिथे तक्रार वेगळी होती : खेळ फार दूर दिसतो.

आमच्या संस्थेत एकदा बाल्कनीचे दर वाढवले. त्या वर्षी उत्पन्न वाढले, पेढे वाटले गेले. पुढच्या काही वर्षांत पुढच्या रांगा विरळ होऊ लागल्या, तेव्हा कुणाला कळेना. मी जुनी वही काढून बसलो. पुढच्या रांगेतले कितीतरी नेहमीचे लोक हे पूर्वी कॉलेजात असताना बाल्कनीत बसणारे होते. नवे बाल्कनीवाले आम्हीच घालवले होते.

मँचेस्टर युनायटेडने २०२५च्या मार्चमध्ये एक लाखाच्या मैदानाचा आराखडा जाहीर केला. वास्तुरचनाकार नॉर्मन फॉस्टर यांची कचेरी, तीन उत्तुंग खांबांवर ताणलेले छत, खर्च दोन अब्ज पौंड. सध्याच्या ओल्ड ट्रॅफर्डची क्षमता ७४ हजारांच्या आसपास आहे आणि ते भरते. नवेही भरेल, पंचविसाव्या प्रयोगालासुद्धा. दाराबाहेर माणसे उभी आहेत. माझी नजर दुसऱ्या एका आकड्यावर आहे. त्याच्या चारच महिने आधी, नोव्हेंबर २०२४मध्ये, त्याच क्लबने हंगामातल्या उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड केला आणि मुलांची व वृद्धांची सवलत काढून टाकली. नव्या २६ हजार खुर्च्यांपैकी दहा-बारा वर्षांच्या पोरांना परवडतील अशा किती, एवढेच मला आराखड्यात शोधायचे आहे.