फ्रीडम हाउसचे विद्यार्थी

हृदय बंद पडून मेंदूला प्राणवायू मिळेनासा झाला, की चार ते सहा मिनिटांतच मेंदूची हानी होऊ लागते. इतक्या थोड्या वेळात रुग्णाला इस्पितळात पोहोचविणे बहुधा अशक्यच असते. म्हणून अशा वेळी उपचारांनीच रुग्णाकडे धाव घेतली पाहिजे. आज ही गोष्ट सर्वांना पटलेली आहे. परंतु सुमारे साठ वर्षांपूर्वी संपन्न शहरांतही तशी सोय क्वचितच असे.

अमेरिकेतील पिट्सबर्ग हे पोलादाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले शहर. तेथे अत्यवस्थ रुग्णाला नेण्याचे काम त्या काळी बहुधा पोलिसांच्या गाडीकडे असे. शिपाई पुढे बसत आणि रुग्ण मागे एकटाच पडून असे. हिल डिस्ट्रिक्ट या भागात मुख्यतः कृष्णवर्णीय लोक राहत. तेथे तर बोलावूनही गाडी वेळेवर येईल, याचा भरवसा नसे.

याच शहरात डॉ. पीटर सफार नावाचे भूलतज्ज्ञ होते. श्वास थांबलेल्या माणसाच्या तोंडात आपल्या तोंडाने हवा फुंकून त्याला जगविता येते, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले होते. १९६६ मध्ये त्यांची स्वतःची लहान मुलगी दम्याच्या तीव्र झटक्यानंतर दगावली. रुग्ण इस्पितळात येण्यापूर्वीच त्याच्यावर उपचार सुरू व्हावेत, या कार्याला सफारांनी त्यानंतर अधिकच वाहून घेतले.

कृष्णवर्णीयांना रोजगार मिळावा म्हणून झटणारी फ्रीडम हाउस ही संस्था तेव्हा हिल डिस्ट्रिक्टमध्ये काम करीत होती. १९६७ मध्ये तिच्या साह्याने पहिले विद्यार्थी निवडण्यात आले. त्यांत कोणी बेकार होते, कोणी सैन्यातून परतलेले होते, तर कित्येकांचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते. ‘यांच्या हातून काय होणार?’ असेच पुष्कळांना वाटत होते.

सफारांनी मात्र त्यांच्यासाठी सुमारे ३०० तासांचा अभ्यासक्रम आखला. शरीराची रचना, हृदय व फुप्फुसे यांचे कार्य, रक्तस्राव थांबविणे, मोडलेले हाड बांधणे, छाती लयीत दाबून रक्ताभिसरण चालू ठेवणे, हे सारे त्यांना शिकावे लागे. प्रथम श्वासमार्ग मोकळा करावा, मग श्वास चालू करावा, नंतर रक्ताभिसरणाकडे पाहावे, हा क्रम त्यांच्या अंगवळणी पडला. पुस्तकातील ज्ञानाची पारख इस्पितळात प्रत्यक्ष कामाने होई. शिवाय रुग्णाला धक्का न बसता गाडी जलद कशी हाकावी, हेही एक शास्त्रच होते.

१९६८ मध्ये त्यांच्या रुग्णवाहिका रस्त्यावर आल्या. पहिल्याच वर्षी सुमारे ५,८०० वेळा त्या मदतीसाठी धावल्या. जॉन मून नावाचा एक तरुण इस्पितळात साधा सेवक होता. फ्रीडम हाउसच्या माणसांचे शिस्तबद्ध काम पाहून आपणही असेच व्हावे, असा त्याने निश्चय केला. त्याने कसून अभ्यास केला, आणि रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालण्याचे डॉक्टरांचे कौशल्यही आत्मसात केले.

१९७४ मध्ये डॉ. नॅन्सी कॅरोलाइन या सेवेच्या वैद्यकीय प्रमुख झाल्या. त्या स्वतः रुग्णवाहिकेतून फिरून विद्यार्थ्यांना शिकवीत. साऱ्या देशातील अशा सेवकांसाठी त्यांनी जो अभ्यासक्रम रचला, त्याची पारख फ्रीडम हाउसमध्येच झाली.

परंतु १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू केली व फ्रीडम हाउसची सेवा बंद पडली. नव्या सेवेत तिच्या अनुभवी माणसांचा योग्य मान राखला गेला नाही. अनेकांना काम सोडावे लागले. हा अन्यायच होता. तरीही मून टिकून राहिले आणि पुढे त्याच सेवेत मोठ्या अधिकारपदावर पोहोचले.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर दूरध्वनी केला, की उपचारांची साधने असलेली रुग्णवाहिका येते. तिच्यातील सेवकाला रुग्णाची जात, धन वा वस्ती विचारण्याचे कारण नसते. श्वास चालू आहे की नाही, एवढेच त्याला प्रथम पाहावयाचे असते. पिट्सबर्गच्या त्या उपेक्षित विद्यार्थ्यांनीही हाच धडा गिरविला होता, आणि समाजाने ज्यांना निरुपयोगी ठरविले होते, त्यांनीच त्या समाजाचे प्राण वाचविले.