कोणाच्याच बाजूचा नसलेला सेनापती

सेऊल :

विळे-भागाडला पोस्कोचा पोलाद कारखाना आला तेव्हापासून आपल्या खांब-कोलाड-माणगाव पट्ट्यात कोरियन माणसाचं अप्रूप उरलेलं नाही. पण ही माणसं ज्या देशातून येतात तो दक्षिण कोरिया कागदोपत्री अजून उत्तर कोरियाशी लढाईतच आहे. २७ जुलै १९५३ रोजी इथे युद्धविराम झाला, तह झालाच नाही. म्हणून धडधाकट तरुणाला आजही साधारण दीड वर्ष लष्करात काढावं लागतं. आपल्या घरातल्या मुली ज्यांची गाणी दिवसभर ऐकतात त्या बीटीएसच्या पोरांनाही सरकारी सेवा चुकली नाही.

सेऊलच्या युद्ध स्मारकात दोन भावांचा पुतळा आहे. खाली तडकलेला दगडी घुमट आणि वर थोरला भाऊ, दक्षिणेचा अधिकारी, पाठीला बंदूक. त्याच्या छातीशी बिलगलेला धाकटा उत्तरेचा शिपाई, अंगाने लहानखुरा, निःशस्त्र. शिल्प बघून गलबलतं खरं; पण ते दक्षिणेने उभारलंय, तेव्हा थोरला कोण हे ठरवायचा मानही दक्षिणेनेच घेतला.

याच स्मारकात मदतीला आलेल्या देशांची नोंद आहे. भारताचं नाव वैद्यकीय मदत देणाऱ्यांत सापडतं. लेफ्टनंट कर्नल रंगराज यांची ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स १९५० च्या अखेरीस इथे आली, तिचे उपकार हे लोक विसरलेले नाहीत. त्यानंतर पाच हजारांहून अधिक भारतीय सैनिक आले होते. त्यांचं नेतृत्व कोल्हापूरकडच्या वडगावच्या मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांच्याकडे होतं. त्यांची आठवण इथे फारशी कोणी काढत नाही, आणि त्याला कारण आहे.

युद्धविरामाच्या वाटाघाटींचं घोडं अडलं होतं कैद्यांवर. कैदी आपापल्या देशांत परत पाठवा, असं उत्तरेचं आणि तिच्या बाजूने लढणाऱ्या चीनचं म्हणणं. ज्याला जायचं नाही त्याला ढकलणार नाही, असं अमेरिकेचं. भारताच्या कृष्ण मेनन यांच्या संयुक्त राष्ट्रांतल्या ठरावातून डिसेंबर १९५२ मध्ये वाट निघाली आणि पुढच्या जूनमध्ये दोन्ही बाजू कबूल झाल्या: परत न जाणारे कैदी पाच तटस्थ देशांच्या आयोगाच्या हवाली करायचे, अध्यक्ष भारत, पहारा भारताचा. दक्षिणेचे राष्ट्राध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना हे मुळीच पटलं नाही. त्यांनी १८ जूनला सुमारे २७ हजार कोरियन कैदी परस्पर सोडून दिले, आणि भारतीय सैन्याला आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देणार नाही असं बजावलं. इंचॉनला पोचलेल्या आपल्या जवानांना मग बोटीवरूनच हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. ज्यांचं भांडण मिटवायला आलो, त्यांच्या अंगणातून चालत जायचीही सोय नाही!

आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या. ते आणि थोरात जुने साथी. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत दोघे एकाच ब्रिगेडमध्ये बटालियन सांभाळत होते, आणि दोघांनाही डीएसओ हे शौर्यपदक मिळालं. तिथे समोर जपानी होते, हुकूम सरळ होता. इथे तारेच्या कुंपणाआड २२,६०४ कैदी, त्यातले बहुतेक चिनी. अनेकांच्या अंगावर कम्युनिस्टविरोधी घोषणा गोंदलेल्या. आत कैद्यांच्याच म्होरक्यांचं राज्य, आणि घरी जायचं म्हणणाऱ्याच्या जिवाला धोका. सप्टेंबरअखेर कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला कुंपणाच्या आत ओढून धरून ठेवलं. तेव्हा थोरात स्वतः त्या खवळलेल्या जमावात शिरले आणि गोळी न झाडता अधिकाऱ्याला सोडवून आणलं. दरवेळी असं निभावलं नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांत पहाऱ्यावरच्या जवानांना गोळीबार करावा लागला आणि कैदी मेले. दक्षिणेत संताप उसळला. उत्तरेकडून ओरड उलटीच, की भारतीय फार सबुरीने घेतात.

माणगाव तालुक्यातल्या पळसगावच्या यशवंत घाडग्यांचं शौर्य आपल्याकडे सांगितलं जातं, ते रणातलं. थोरातांच्या कारकिर्दीतला हा अध्याय मला त्याहून सांगायला अवघड वाटतो, कारण यात जिंकलेला गड नाही. कोरियातल्या कामाबद्दल त्यांना अशोक चक्र (वर्ग दोन) मिळालं, ज्याला आता कीर्ती चक्र म्हणतात. पुढे पूर्व विभागाचे प्रमुख असताना १९६० साली लखनौच्या ‘लाल किल्ला’ सरावात चीन कुठून, कसा येईल हे त्यांनी मांडून दाखवलं. दिल्लीने ते मनावर घेतलं नाही. थिमय्यांनी आपल्यामागे सरसेनापती म्हणून त्यांचं नाव सुचवलं होतं. नेमणूक थापर यांची झाली. १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी चीन आला.

आणि कोरियातल्या त्या कैद्यांचं काय झालं? आपल्या देशात परत का यावं हे प्रत्येकाला तंबूत बसवून समजावायचं होतं. १५ ऑक्टोबर १९५३ ला ते सुरू झालं. कैदी तंबूत यायलाच तयार नसत, आलेच तर आरडाओरडा करत. डिसेंबर सरेपर्यंत जेमतेम तीन हजारांची पाळी लागली. अखेर ६२८ जण उत्तरेकडे वा चीनला परतले. २१,८३९ जणांना जानेवारी १९५४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या फौजांकडे सोपवलं, त्यांतले बहुतेक चिनी तैवानला गेले. उत्तरेच्या ताब्यातल्या ३५९ कैद्यांतही २१ अमेरिकन आणि १ ब्रिटिश मायदेशी जायला नाही म्हणाले.

आणि उरलेल्यांत होते दोन्ही गोटांतले मिळून ८८ जण. त्यांना ना उत्तर हवी होती ना दक्षिण. ते थोरातांच्या फौजेच्या देशात, भारतात आले. चे इन-हुन यांची १९६० सालची ‘चौक’ ही कादंबरी इथे शाळेतही शिकवतात. तिचा नायक असाच एक कैदी, भारताकडे निघालेल्या ‘टागोर’ नावाच्या जहाजावरचा. तो वाटेतच समुद्रात उडी घेतो. खरे ८८ मात्र भारतात पोचले, काही वर्षं राहिले, आणि त्यातले बरेच जण पुढे ब्राझील-अर्जेंटिनाला निघून गेले.