भरपूर ऊन, तरी मुडदूस

नागपूरसारख्या रणरणत्या शहरात लहान मुलांना मुडदूस, म्हणजे ड जीवनसत्त्वाअभावी हाडं मऊ पडण्याचा आजार, होतो कसा? गांधीबागेत कापडबाजाराच्या अरुंद गल्ल्या आणि एकमेकांना खेटलेली घरं पाहिली की याचं उत्तर मिळू लागतं. शहरावर ऊन कितीही पडो, हाडांच्या कामी येतं ते बाळाच्या उघड्या अंगावर पडलेलंच. हचिसन आणि शाह या डॉक्टरांनी १९२२ साली नाशिककडचा अभ्यास प्रसिद्ध केला. पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू घरांतल्या मुलांत त्यांना मुडदूस आढळला. आईबापांबरोबर शेतात वावरणारी गरिबाघरची मुलं मात्र, खाण्याची आबाळ असूनही, त्यातून बरीचशी वाचली होती.

‘आम्ही रोज तेल लावून कोवळ्या उन्हात घेतो की,’ असं घरोघरच्या आज्या म्हणतील. मालिश चांगलीच, पण सूर्य खाली असताना ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण वातावरणातच बहुतेक अडतात, आणि बंद खिडकीची काचही ते अडवते. ते खरे मिळतात भर दुपारी, आणि मे महिन्यात तान्ह्या बाळाला त्या वेळी बाहेर काढा असं कुणीच सांगणार नाही. आईच्या दुधात हे जीवनसत्त्व अगदी थोडं असतं. त्यात तिचा काही दोष नाही. म्हणूनच पहिलं वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब द्यावेत, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. गांधीबागेतच डागा स्त्री रुग्णालय आहे. अशा प्रत्येक रुग्णालयातून बाळंतीण घरी निघताना लसीकरणाच्या कार्डासोबत या थेंबांची बाटलीही तिच्या हाती पडायला हवी, असं मला कळकळीने वाटतं.

पाय वाकडे दिसले म्हणजे मुडदूसच, असं नाही. दोन वर्षांपर्यंत ते थोडे बाकदार असतातच. पण मनगटं रुंद झाली, बरगड्यांवर मण्यांची माळ ओवल्यासारख्या गाठी हाताला लागल्या, टाळू भरेना, दात आणि चालणं लांबलं, किंवा आकडी आली, तर थांबू नये. मनगटाच्या एक्स-रेत हाडाचं टोक वाटीसारखं खोलगट आणि कडेला विसकटलेलं दिसतं. रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं असतं. उपचारात ड जीवनसत्त्व द्यायचं ते वर्षाखालच्या बाळाला रोज २००० युनिट, मोठ्या मुलाला ३००० ते ६०००, किमान तीन महिने. शिवाय रोज सुमारे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. नुसत्या कॅल्शियमच्या टॉनिकने भागत नाही, आणि मनानेच जादा डोस दिला तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढतं. तीन महिन्यांत एक्स-रे सुधारला नाही, तर फॉस्फेट कमी पडण्याचा आनुवंशिक आजार तपासावा. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या मुलांत पाण्यातल्या फ्लोराइडचाही विचार व्हावा. हाडं भरून आली तरी पाय सरळ व्हायला पुष्कळदा वर्ष-दोन वर्षं जातात. तोवर शस्त्रक्रियेची घाई करू नये.