काय हवे ते विचारणाऱ्यांचा पेशा

बिझनेस अ‍ॅनालिसिस म्हणजे एखाद्या संस्थेचे काम प्रत्यक्षात कसे चालते ते समजून घेणे, ते कुठे अडते ते शोधणे आणि अडचण दूर करायला काय हवे ते सगळ्यांना एकाच अर्थाने कळेल असे मांडणे. हे काम करणारा तो बिझनेस अ‍ॅनालिस्ट. आयटी कंपन्यांत त्याचे नुसते 'बीए' झाले आहे. (घरातल्या वडीलधाऱ्यांना 'मुलगी बीए आहे' एवढेच सांगितले तर त्यांच्या डोळ्यांसमोर कलाशाखेची पदवी येते, आणि इंजिनिअरिंगची फी भरलेल्या घरात त्यावरून थोडा गोंधळ उडतो.) बीए प्रोग्राम लिहीत नाही, प्रकल्पाचे वेळापत्रक सांभाळत नाही, खर्चाला मंजुरीही देत नाही. मग तो करतो काय, हा प्रश्न त्याला घरीच नव्हे, कचेरीतही विचारला जातो.

समजा, एका सहकारी बँकेला कर्जाचे अर्ज ऑनलाइन घ्यायचे आहेत. मागणी सरळ आहे आणि सॉफ्टवेअर कंपनी दोन महिन्यांत अर्जाचे पान करून देईलही. पण ही मागणी आली कुठून, याचा माग काढला तर मूळ तक्रार वेगळीच निघते: कर्ज मंजूर व्हायला तीन आठवडे लागतात. त्या तीन आठवड्यांतला अर्ज भरण्याचा वेळ जेमतेम एक दिवस. बाकी सगळा कर्ज समितीच्या महिन्यातून एकदा होणाऱ्या बैठकीची वाट पाहण्यात जातो. म्हणजे ऑनलाइन अर्ज आला तरी ग्राहक वीस दिवस ताटकळणारच. मागितलेली वस्तू आणि खरी गरज यांतले हे अंतर मोजणे हे बीएचे पहिले काम.

दुसरे काम अधिक किचकट. नियमपुस्तिकेत लिहिलेली कार्यपद्धती आणि टेबलावर चालणारी कार्यपद्धती क्वचितच एक असते. कर्ज विभागातल्या जुन्या कारकुनाच्या खणात पेन्सिलीने लिहिलेली एक वही असते. कोणाचे कागद अर्धवट आहेत, कोणाला फोन करायचा आहे, याची नोंद तीत असते. तिचा उल्लेख कुठल्याही परिपत्रकात नसतो, पण विभाग तिच्यावरच चालतो. ती वही मुलाखतीत कळत नाही, कारण कारकुनाला ती सांगण्याजोगी वाटतच नाही. ती शेजारी बसून काम पाहिले तरच दिसते. म्हणून या पेशात मुलाखत, बैठक, जुन्या कागदांची छाननी आणि कच्चा नमुना दाखवून मत घेणे यांच्या जोडीला निरीक्षणालाही वेगळे स्थान आहे.

या कामाचा उगम नावापेक्षा बराच जुना आहे. ब्रिटनमध्ये जे. लायन्स अँड कंपनी चहाची दुकाने आणि बेकऱ्या चालवत असे. केक-बिस्किटांच्या धंद्यात एका विक्रीवरचा नफा पेनीच्या अंशात, आणि पावत्या मात्र लाखोंनी. कागदपत्रांचा हा खर्च कमी व्हावा म्हणून जॉन सिमन्स या गणितज्ञ अधिकाऱ्याच्या पुढाकाराने कंपनीने १९३० च्या दशकातच कार्यपद्धतींचा अभ्यास करणारा स्वतंत्र विभाग काढला होता. १९४७ मध्ये लायन्सचे दोन अधिकारी अमेरिकेत जाऊन नवी गणकयंत्रे पाहून आले. त्यानंतर कंपनीने केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रकल्पाला ३,००० पौंड दिले आणि त्याच धर्तीवर स्वतःचा संगणक बांधला. 'लिओ' नावाच्या त्या यंत्रावर नोव्हेंबर १९५१ मध्ये बेकरीच्या मालाचे मूल्यांकन सुरू झाले. व्यापारी कचेरीचे नेहमीचे काम संगणकावर चालवण्याची ही सुरुवात मानली जाते.

त्यातला खरा धडा १९५४ मधल्या चहा-दुकानांच्या कामात आहे. प्रत्येक दुकानाची व्यवस्थापिका दुसऱ्या दिवशीच्या मालाची मागणी कळवत असे. ती यादी जशीच्या तशी यंत्रात भरायची ठरली असती तर माहिती भरण्यातच रात्र गेली असती. पण मागणी रोज फारशी बदलत नाही, हे लायन्सच्या माणसांनी हेरले. म्हणून प्रत्येक दुकानाची ठरावीक मागणी आधीच नोंदवून ठेवली गेली आणि व्यवस्थापिकेने फोनवर फक्त फरक सांगायचा, असे ठरले. कानाला हेडफोन लावलेल्या मुली तो फरक ऐकता ऐकताच कार्डांवर पंच करत. यंत्र तेच, दुकाने तीच. बदलला होता तो प्रश्न. या कामांचे विश्लेषण करणाऱ्या चमूचा म्होरक्या डेव्हिड कॅमिनर याला पुढे जगातला पहिला सिस्टिम्स अ‍ॅनालिस्ट म्हटले गेले. तो इंजिनिअर नव्हता, कंपनीच्या कार्यपद्धतींचा जाणकार होता, ही बाब सहज विसरली जाते.

पुढच्या दोन दशकांत सिस्टिम्स अ‍ॅनालिस्ट हे पद सगळीकडे रुळले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस टॉम डीमार्को आणि त्याच्या समकालीनांनी माहितीचा प्रवाह दाखवणाऱ्या आकृत्यांची शिस्त घालून दिली. गोल, बाण आणि समांतर रेघांच्या त्या आकृत्या आजही अभ्यासक्रमात आहेत. मात्र याच काळात हे पद हळूहळू यंत्राकडे झुकले. अ‍ॅनालिस्ट संगणक विभागात बसू लागला, डेटाबेसची भाषा बोलू लागला, आणि धंद्याच्या बाजूला त्याच्यासारखे कोणी उरले नाही. 'बिझनेस' हे विशेषण मागाहून चिकटले ते ही रिकामी झालेली जागा भरण्यासाठी.

भारतात ही जागा आणखी रुंद होती. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची सुरुवात मुंबईत १९६८ साली झाली, इन्फोसिसची १९८१ साली पुण्यात. सॉफ्टवेअरची निर्यात वाढली तशी मागणारा न्यू जर्सीत आणि बांधणारा पुण्यात अशी विभागणी पक्की झाली. एकाच इमारतीत असताना जिना चढून विचारता येणारी शंका आता साडेनऊ ते साडेदहा तासांच्या वेळेच्या फरकातून विचारावी लागे. क्लायंटच्या कचेरीत बसून रिक्वायरमेंट, म्हणजे काय हवे त्याचा तपशील, गोळा करणारा आणि हिंजवडीतल्या चमूला रात्रीच्या कॉलवर ती समजावणारा माणूस ही या व्यवस्थेची गरज होती. ते काम आधी अनुभवी प्रोग्रामरच करत. पुढे त्यासाठी वेगळी भरती होऊ लागली आणि बँकिंग, विमा, वाणिज्य शाखेतली माणसे आयटीत शिरण्याचा तो एक दरवाजा झाला.

हे काम नीट झाले नाही तर काय होते, याचे बहुचर्चित उदाहरण लंडनच्या रुग्णवाहिका सेवेचे आहे. तिथे दिवसाला दोन ते अडीच हजार फोन येत. फोनची माहिती कागदावर लिहून सरकत्या पट्ट्यावरून पुढे जाई आणि अनुभवी कर्मचारी कोणती गाडी पाठवायची ते ठरवत. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी हे सारे संगणकाकडे सोपवण्यात आले. प्रत्येक गाडी या क्षणी कुठे आहे आणि मोकळी आहे का, हे यंत्राला सतत अचूक कळत राहील, असे ही प्रणाली गृहीत धरून चालली होती. प्रत्यक्षात रेडिओचा संदेश काही भागांत पोचत नसे, घाईत चालक चुकीचे बटण दाबत किंवा दाबतच नसत, आणि नेमून दिलेल्या गाडीऐवजी दुसरीच गाडी घेऊन निघत. यंत्रातले लंडन आणि रस्त्यावरचे लंडन तासातासाला एकमेकांपासून दुरावत गेले. एका ठिकाणी दोन गाड्या, दुसरीकडे एकही नाही. वाट पाहून थकलेले लोक पुन्हा फोन करू लागले आणि फोनांचा भार आणखी वाढला. दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धवट हाती पद्धतीवर परतावे लागले. फेब्रुवारी १९९३ मध्ये चौकशी अहवाल आला. त्यात तांत्रिक दोष होतेच, पण जे चालक आणि कर्मचारी ही प्रणाली वापरणार होते त्यांना तिच्या घडणीत पुरेसे सामील करून घेतले नव्हते, यावरही अहवालाने बोट ठेवले. पेन्सिलीची वही कोणी पाहिली नव्हती.

आपल्याकडे वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्रांतही मूळ आराखडा आणि प्रत्यक्ष वापर यांत असेच अंतर पडले. विक्रेत्याचे आणि खरेदीदाराचे बिल एकमेकांशी जुळवायचे, यासाठी दरमहा तीन विवरणपत्रे योजली होती. करप्रणाली जुलै २०१७ मध्ये लागू झाली आणि त्याच नोव्हेंबरात जीएसटी परिषदेने त्यांतील दुसरे आणि तिसरे विवरणपत्र थांबवले. तात्पुरते म्हणून आणलेले '३बी' मात्र टिकून राहिले, हे कोणीही करसल्लागार सांगेल.

अशा अनुभवांतून या कामाला शिस्त हवी ही जाणीव जुनीच होती. त्यासाठी संघटना यायला मात्र २००३ साल उजाडले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात २८ सभासदांनी इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस अ‍ॅनालिसिस, म्हणजेच 'आयआयबीए', स्थापन केली. पहिल्या अध्यक्षा केथलीन बॅरेट या बँक ऑफ मॉन्ट्रिऑलच्या समूहात याच क्षेत्रात काम करत होत्या. टोरांटो हे कॅनडाच्या मोठ्या बँकांचे शहर, आणि बँकांइतके नियम, कागद आणि जुन्या प्रणाली एकत्र नांदवणारा धंदा दुसरा शोधावा लागेल; संघटनेची मुळे तिथे असावीत यात आश्चर्य नाही. २००६ मध्ये तिची ना-नफा संस्था म्हणून नोंदणी झाली. आज शंभराहून अधिक शाखा असलेल्या या संस्थेचे काम भारतातही चालते.

डॉक्टर किंवा वकील यांच्या परिषदांना कायद्याचा आधार असतो. सनदेशिवाय कोणी वकिली करू शकत नाही. बिझनेस अ‍ॅनालिसिसला असे कुंपण नाही. उद्या कोणीही आपल्या नावापुढे ही पदवी लावू शकतो. त्यामुळे संस्थेला पहिले काम करावे लागले ते शब्दांचे: या कामात काय येते आणि काय येत नाही, ते ठरवण्याचे. त्यासाठीचा मार्गदर्शक ग्रंथ 'बॅबॉक' या नावाने ओळखला जातो. त्याचा पहिला मसुदा २००५ मध्ये, दुसरी मोठी आवृत्ती २००९ मध्ये आणि तिसरी २०१५ मध्ये आली.

दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीतल्या व्याख्या शेजारी ठेवल्या तर पेशाची महत्त्वाकांक्षा कशी वाढली ते कळते. २००९ च्या व्याख्येत अ‍ॅनालिस्ट हा संबंधितांमधला दुवा आहे: तो संस्थेची रचना, धोरणे आणि व्यवहार समजून घेतो आणि उपाय सुचवतो. २०१५ च्या व्याख्येतून दुवा गेला आणि त्या जागी बदल आला. गरजा निश्चित करून आणि मोलाचे उपाय सुचवून संस्थेत बदल घडवून आणणे, असा तिचा आशय आहे. निरोप्यापासून सल्लागारापर्यंतचा हा प्रवास कागदावर सहा वर्षांत झाला. कचेऱ्यांत तो अजून पुरा झालेला नाही. अनेक ठिकाणी बीए आजही बैठकीची टिपणे लिहून साइन-ऑफ मिळवणारा माणूसच आहे.

तिसऱ्या आवृत्तीत सहा ज्ञानक्षेत्रे, ३० कामे आणि ५० तंत्रे आहेत. सारा डोलारा बदल, गरज, उपाय, संबंधित व्यक्ती, मोल आणि संदर्भ या सहा संकल्पनांवर उभा आहे. यातले बरेचसे वाचताना कोरडे वाटते. गरजांची वर्गवारी मात्र रोजच्या वापराची आहे. संस्थेचे उद्दिष्ट, संबंधितांच्या अपेक्षा आणि उपायाचे गुणधर्म यांखेरीज तीत संक्रमणकाळाच्या गरजा वेगळ्या काढल्या आहेत. जुन्या खात्यांची माहिती नव्या प्रणालीत कशी न्यायची, दोन्ही प्रणाली किती दिवस समांतर चालवायच्या, कर्मचाऱ्यांना कधी शिकवायचे, हे प्रश्न एकदाच येतात आणि म्हणून हमखास विसरले जातात. बँकेचे विलीनीकरण झाल्यावर महिनाभर ज्यांचे पासबुक छापले गेले नाही, त्यांना या वर्गवारीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

व्याख्येमागोमाग परीक्षा आली. 'सीबीएपी' या प्रमाणपत्राची पहिली परीक्षा २००६ च्या नोव्हेंबरात झाली. तिला बसण्यासाठी मागील दहा वर्षांत ७,५०० तास प्रत्यक्ष कामाची नोंद दाखवण्याची अट ठेवली गेली. साडेतीन तासांत १२० प्रश्न सोडवायचे आणि उत्तीर्ण झाल्यावर दर तीन वर्षांनी नूतनीकरण करायचे. नंतर मधल्या टप्प्यासाठी 'सीसीबीए' आणि नवख्यांसाठी 'ईसीबीए' आले. तासांचा हिशेब मांडणे हीच या परीक्षेची खरी पहिली फेरी असते, कारण जुन्या प्रकल्पांतले आपले काम ग्रंथाच्या परिभाषेत बसवून दाखवावे लागते.

मैदान आयआयबीएला एकटीला मोकळे नव्हते. ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटीची या विषयातली पदविका ब्रिटनमध्ये मान्यता पावलेली आहे. रिक्वायरमेंट या एकाच अंगावर भर देणारी 'आयरेब' ही संस्था २००६ मध्ये जर्मनीत उभी राहिली. सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी मात्र शेजारच्या पेशातून आला: प्रकल्प-व्यवस्थापकांची 'पीएमआय' ही १९६९ पासूनची संस्था २०१४ मध्ये स्वतःचे बिझनेस अ‍ॅनालिसिसचे प्रमाणपत्र घेऊन उतरली.

याहून अवघड आव्हान कार्यपद्धतीतून आले. २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात १७ जणांनी अ‍ॅजाइल जाहीरनामा लिहिला. शेकडो पानांच्या रिक्वायरमेंट दस्तऐवजाऐवजी थोडे बांधा, दाखवा, सुधारा, असा त्याचा कल होता. त्यापाठोपाठ रुजलेल्या 'स्क्रम' पद्धतीत प्रॉडक्ट ओनर आहे, स्क्रम मास्टर आहे, डेव्हलपर आहेत. बिझनेस अ‍ॅनालिस्ट नाही. काही कंपन्यांत बीए प्रॉडक्ट ओनर झाले, काहींत प्रॉडक्ट ओनरच्या हाताखाली युजर स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याच्या शब्दांतली छोटी मागणी, लिहू लागले. आयआयबीएने अ‍ॅजाइल अलायन्ससह ग्रंथाची जोडपुस्तिका काढली, २०१८ मध्ये अ‍ॅजाइलचे वेगळे प्रमाणपत्र दिले आणि पाठोपाठ डेटा, सायबर सुरक्षा आणि प्रॉडक्ट ओनरशिपचीही प्रमाणपत्रे आणली. हा विस्तार म्हणायचा की पेशाची कड धूसर होणे, यावर मतभेद होऊ शकतात. इतकी प्रमाणपत्रे झाल्यावर मूळच्या प्रमाणपत्राचे वजन घटते, असे म्हणायला जागा आहे.

सरकारी मोजणीत या पेशाला अजून स्वतंत्र घर मिळालेले नाही. अमेरिकेच्या प्रमाणित व्यवसाय-वर्गीकरणात २०१८ च्या फेररचनेत प्रकल्प-व्यवस्थापन तज्ज्ञांना स्वतःचा वर्ग मिळाला. बिझनेस अ‍ॅनालिस्ट मात्र कामाच्या स्वरूपानुसार कधी व्यवस्थापन-विश्लेषकांत, तर कधी संगणक-प्रणाली विश्लेषकांत मोजले जातात. त्यामुळे वाढता पेशा म्हणून त्याचा गाजावाजा कितीही झाला तरी त्या देशात तो करणारे नेमके किती, याचा स्वतंत्र सरकारी आकडा या वर्गीकरणातून निघत नाही.